आचाऱ्याचं नाक कॅनडात राहिलं

कॅनडात स्वयंपाकी म्हणून जायला मला पाँडिचेरीतली बारा वर्षं, फ्रेंचच्या परीक्षेत दोनदा खाल्लेला मार आणि बायकोचा सगळा धीर लागला. परत यायला एक सर्दी पुरली.

गावात आल्यापासून जो भेटतो तो चहाला बसवतो आणि विचारतो, "काय भाऊ, कसं काय होतं तिकडं?" मी रंगात येऊन बर्फ सांगतो, गोठलेला समुद्र सांगतो, त्या समुद्रावर मोटारी नेऊन भोकातून मासे धरणारे म्हातारे सांगतो. ऐकणारा चहा संपवतो आणि मग मुद्द्याचं विचारतो, "मंग वापस काऊन आला?" तोवर माझा चहा थंड झालेला असतो. म्हणून आता लिहूनच ठेवतो. चहा निदान गरम प्यायला मिळेल. तसाही मला तो आता नुसता गरमच लागतो.

वाफ

आमच्या घरी शेती थोडी आणि आचारकी फार. अल्लीपुरात आणि आजूबाजूला लग्न असो, तेरवी असो, मारुतीचा भंडारा असो, चुलीवर गंज, म्हणजे मोठं पातेलं, चढवायचा तो बाबांनीच. बाबांचा नियम एकच: देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्यानं चाखायचं नाही. लहानपणी मी एकदा वांग्याच्या भाजीत बोट बुडवलं, तर उलथन्याचा दांडा पाठीत बसला. "देवाच्या आंधी जेवतं काय रे? तू काय त्याचा बाप लागून गेला?"

मग मीठ-तिखट कळायचं कसं? वाफेवरून. झाकण थोडं सरकवायचं, तळहात वाफेवर धरायचा, चटकन नाकाशी न्यायचा. मीठ कमी असेल तर वाफ पोरकी लागते, असं बाबा म्हणत. मला ते पटायला वेळ लागला, पण एकदा नाकात बसलं ते बसलंच. पुढं पाँडिचेरीच्या हॉटेलात लागलो, तिथंही मी चाखत नसे. तिथला मुख्य स्वयंपाकी फ्रेंचमध्ये शिव्या देई, आणि माझी अर्धी फ्रेंच त्या शिव्यांतूनच आली. शेवटी त्यानं पैज लावली, माझे डोळे बांधून सहा भांडी समोर ठेवली, आणि हरला. त्या दिवसापासून मी नाकानं चालायला लागलो, म्हणजे डोकं जरा वरच असायचं.

बाकीची अर्धी फ्रेंच शिकवणीतून आली. कारण असं की कॅनडात एक मोठा प्रांत फ्रेंच बोलणाऱ्यांचा आहे, पण त्याच्या बाहेरही फ्रेंच बोलणारी जुनी गावं तग धरून आहेत. तिथली पोरं शहरात निघून जातात, म्हातारे उरतात, आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस मिळत नाही. म्हणून फ्रेंच येणाऱ्या परदेशी माणसाला कामाचा परवाना जरा सोप्यानं देतात. मात्र परवान्यावर मालकाचं नाव आणि कामाचं नाव छापलेलं असतं. माझ्या परवान्यावर एका वृद्धाश्रमाचं नाव होतं, आणि पुढं: स्वयंपाकी.

मी आधी जायचं, जम बसवायचा आणि शाळेच्या सुट्ट्या लागल्या की वैशालीनं गौरीला घेऊन यायचं, असं ठरलं. गौरी आमची मुलगी, सातवीत. मी निघालो त्या दिवसापासून ती शेजारच्या म्हशीलाही फ्रेंच नमस्कार, "बोंजूर", म्हणत होती.

समुद्राकाठचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. सांगून तुम्ही काय जाणार आहात! पूर्वेच्या समुद्राकाठी एक रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी घरं, एक चर्च, एक पेट्रोल पंप. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तसं तिथं हिवाळाभर. आपण उन्हापासून दारं लावून बसतो, ते थंडीपासून. दोन्हीकडं माणूस आत आणि बाहेर नुसता पांढरा उजेड. पहिल्या दिवशी मला हे फार ओळखीचं वाटलं.

ओळखीचं वाटून मी पहिली चूक केली. भांडी विसळता विसळता कचरा टाकायला बाहेर गेलो, आणि येताना ओल्या हातानं मागच्या दाराची लोखंडी कडी धरली. कडीनं हात सोडला नाही. मी ओढलं, तर कातडं यायला लागलं. मराठीत बोंबललो, मग सुचलं तेवढ्या फ्रेंचमध्ये बोंबललो. आश्रमाची व्यवस्थापक जिनेत कोमट पाण्याचा तांब्या, म्हणजे जग, घेऊन धावली. तिची-माझी पहिली भेट अशी दाराला चिकटून झाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला रश्शावर हात धरताना पाहिलं.

"हे काय करताय?"

"वाफ घेतोय."

"चाखा ना. चमचा समोर आहे."

"आधी देवाला."

"कोणत्या?"

मी गडबडलो. भिंतीवर येशूचा क्रूस होता, त्याच्याकडं बोट केलं. जिनेत चमचा तिथंच ठेवून निघून गेली. पण खिडकीतून दोन म्हाताऱ्यांनी ते पाहिलं होतं. भारतातून आलेला आचारी रोज जेवणावर हात धरून आशीर्वाद देतो, असं संध्याकाळपर्यंत आश्रमभर झालं. त्यानंतर मी झाकण उघडलं की समोर बसलेले एक आजोबा छातीवर क्रूसाची खूण करत. मी खुलासा केला नाही. एवढा मान आपल्याला कुठं मिळतो!

जेवण मात्र चमत्कारिक. किसलेल्या बटाट्याचे राखाडी गोळे, आत खारवलेलं डुकराचं मांस. पाहिल्यावर आपल्या गोळाभातातले गोळे सुतकात बसल्यासारखे वाटतात. पण फ्रिको म्हणून कोंबडी-बटाट्याचा पातळ रस्सा असतो, त्यात सारिएत नावाचा वाळलेला पाला चुरून टाकतात. तो पाला पडला की ओव्याचं रान पेटल्यासारखा वास सुटायचा. तेवढ्या वासावर मला ते गाव आवडायला लागलं. तिथं रात्रीचं जेवण दुपारी साडेचारला उरकतात, आणि जेवून झाल्यावर सर्वोच्च दाद काय? "वाईट नाही." आपल्याकडं पंगतीत म्हणतात ना, "चाल्लं," तसंच.

ओदेत

मादाम ओदेत नव्वदीच्या पुढं. चाकाच्या खुर्चीत. तिची फ्रेंच शहरातल्या फ्रेंचवाल्यांनी नाक मुरडावं अशी होती. पुण्याच्या माणसानं आमची वऱ्हाडी ऐकून मुरडावं, अगदी तसं. म्हणून तिचं बोलणं मी वऱ्हाडीतच सांगतो. माझ्या कानाला ते तसंच ऐकू यायचं.

तरुणपणी ती हेरिंग मासळीच्या धुरीखान्यात होती. लाकडाच्या भुशाचा धूर, वर ओळीनं टांगलेले मासे. मासा झाला की नाही हे धुराच्या वासावरून सांगायचं, हेच तिचं काम. मी वाफ नाकाशी नेताना पाहून आश्रमात एकटी तीच हसली होती.

"आशीर्वाद-फिशीर्वाद काई नाई," ती म्हणाली. "सुंघून राह्यला लेकाचा."

सर्दी

जानेवारीत आश्रमात खोकला आला. मीही पडलो. ताप आला, गेला. मी कामावर परतलो, अंगात जरा जास्तच उत्साह. कांदे तव्यावर टाकले आणि गौरीला फोनवर स्वयंपाकघर दाखवत बसलो.

"बाबा, तुमच्या मांगं ढग काऊन दिसून राह्यले?"

मी म्हणालो, वाफ आहे बेटा. तेवढ्यात आगीचा भोंगा वाजला. कांद्याचे कोळसे झाले होते, खोली धुरानं भरली होती, आणि मला काहीही, अगदी काहीही कळलं नव्हतं.

नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. बर्फात, कांबळ्यांत गुंडाळलेल्या खुर्च्यांची ओळ. आगीचा बंब आला. टोप्या घातलेले ते म्हातारे एकमेकांना चिकटून थरथरत होते, आणि त्यांना तिथं कोणी आणलं होतं? आशीर्वादवाल्यानं. जिनेत मला म्हणाली, "होतं असं. फोन बाजूला ठेवत जा." तिला वाटलं, माझं लक्ष नव्हतं. मी तसंच वाटू दिलं.

खोलीत जाऊन मी वैशालीनं दिलेला मसाला उघडला. नाक पार डब्यात घातलं. शिंका आल्या. वास आला नाही. साबण, बूट, लसूण, घासलेटासारखं काहीतरी भांडारात होतं ते, सगळं सुंघून पाहिलं. जणू कोणी कॅनडाला झाकण लावलं होतं.

डॉक्टर म्हणाला, त्या आजारानं होतं, नस दुखावते. येईल परत, किंवा नाही येणार. रोज लवंग आणि लिंबू सुंघा. मी देवपूजेसारखा लवंग-लिंबू घेऊन बसायला लागलो. मीठ आणि गोड जिभेवर समजत होतं, मिरची झोंबत होती. पण लवंग आणि पेन्सिलीचं टोक यांत मला फरक उरला नव्हता.

वैशालीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. आता माह्या भाजीले तरी नावं ठेवणार नाई तुम्ही."

"तिकिटं काढू नको अजून."

"मी कुठं काढून राह्यली," ती म्हणाली. पण तिच्या मागं पलंगावर नवी कोरी बॅग उघडी पडलेली दिसत होती, आणि गौरीचे लोकरी मोजे तिच्यात आधीच घातलेले होते.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, चमचा घे आणि चाख ना! तेवढी अक्कल मला यायला हवी होती. पण हात चमच्याकडं जायचा आणि पाठीत दांडा बसायचा. आणि खरी भीती मिठाची नव्हतीच. मीठ जिभेला कळलं असतं. मासा उतरलाय का, दूध फिरलंय का, मलई आंबलीये का, हे सांगायला नाकच लागतं. त्या घरातली पोटं नव्वद-नव्वद वर्षांची. तिथं शिळा मासा म्हणजे नुसतं पोट बिघडणं नव्हे.

ओदेतला सांगावं लागलं नाही. एका सकाळी खुर्ची ढकलत आली आणि म्हणाली, "तू आजकाल हात धरतं, पण थोबाडावर काई उमटत नाई. नाक गेलं ना तुहं?"

"हाव," मी म्हणालो. फ्रेंच बोलता बोलता तोंडून तेच निघालं.

"आन इथं सांगतलं नाई कोणाले."

"परवान्यावर स्वयंपाकी लिहिलंय, मादाम. बायको-पोरगी यायची आहे."

"मंग आण इकडं भांडं. मले काय काम आहे दुसरं? मराचंच तं आहे."

त्यानंतर रोज सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात बसे. मी झाकण सरकवायचो, ती मान पुढं करायची. "मासा ताजा. रस्सा पोरका." पोरका हा शब्द मीच शिकवला होता तिला. "दूध फेक." "लोणी कोणी फ्रीजबाहेर ठेवलं, त्याले झोडप." आणि मी विचारलं तर वासाचं वर्णनही करायची. फ्रिको कसा येतोय? "माह्या बापाची नाव एप्रिलात पहिल्यांदा पाण्यात ढकलायचे ना, तसा." मला तो वास काही आला नाही, पण नाव दिसायची. मेहनताना म्हणून तिला पावाचा कडक टोकाचा तुकडा लागायचा, जो तिच्या दातांना झेपत नसे. ती तो नुसता हातात धरून बसायची.

असं आम्ही दोघांनी मिळून एक आचारी चालवला.

समोरचं दार

फेब्रुवारीत तिचं जेवण तुटलं. मी वाटी तिच्या खोलीत न्यायला लागलो. खायला नव्हे, सुंघायला. एके दिवशी डोळे न उघडता ती म्हणाली, "सारिएत विसरला."

मी परत जाऊन पाहिलं. बरणीचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या आश्रमात एक रीत आहे. गेलेल्या माणसाला मागच्या दारानं नेत नाहीत. ज्या दारानं आला त्याच समोरच्या दारानं नेतात, आणि सगळे दोन्ही बाजूंना उभे राहतात. ज्यांना उभं राहता येत नाही ते खुर्च्यांवर. मी पळी हातात घेऊनच उभा होतो. ती खाली ठेवायची हे सुचलं नाही. जेवणाच्या टेबलावर तिच्या जागेवर एक दिवस फूल ठेवलं. नंतर तिथं दुसऱ्या कोणाचा तरी रुमाल आला. आपल्याकडं निदान तेरा दिवस लागतात.

मग शुक्रवार आला. शुक्रवारी मासा. मी दुधातला माशांचा रस्सा केला, नेहमीसारखाच. झाकण सरकवलं, तळहात धरला, नाकाशी नेला. दार रिकामं होतं. घंटी झाली. खोल्यांमधून खुर्च्यांची चाकं वाजायला लागली.

मी चमचा घेतला. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा चुलीपाशी चाखलं. मीठ बरोबर होतं. बाकी काही नाही. कोमट, मऊ, खारट. मासा चांगला आहे की वाईट, हे त्या घोटात कुठंच लिहिलेलं नव्हतं.

भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि जिनेतच्या खोलीत नेऊन टेबलावर ठेवलं. "वास घ्या," मी म्हणालो. "मला येत नाही. जानेवारीपासून येत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग वाकून वास घेतला. तिचा चेहरा बदलला. मला तेवढं पुरलं.

रस्सा मोरीत गेला. त्या दिवशी सगळ्यांनी पाव आणि मुरांबा खाल्ला. "वाईट नाही," आजोबा म्हणाले. उघडायला झाकणच नव्हतं, तरी त्यांनी छातीवर खूण केली.

जिनेत रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्ही आज आलात म्हणून आज कोणाला काही झालं नाही. पण उद्या मी तुम्हाला चुलीपाशी उभं करू शकत नाही." दुसरं काम तिच्याकडं नव्हतं, आणि परवान्यावर तिच्याच आश्रमाचं नाव होतं. शहरात माझ्या ओळखीचा एक पंजाबी ड्रायव्हर होता. तो म्हणाला, दुसरं हॉटेल शोधू, नाक आहे म्हणून सांग, नाक कोण तपासतो? खरं होतं त्याचं. नवा परवानाही कदाचित मिळाला असता. पण त्या शुक्रवारी जिनेतचा चेहरा मी पाहिला होता, आणि दर जेवणाला असा कोणाचा तरी चेहरा पाहावा लागणार होता.

वैशालीला फोन केला. ती म्हणाली, "या मंग." एवढंच. नंतर गौरीनं सांगितलं की आईनं ती बॅग त्याच दिवशी माळ्यावर टाकली, मोज्यांसकट.

अल्लीपूर

हिंगणघाट स्टेशनावर सगळे घ्यायला आले होते. गौरी येऊन बिलगली. गायीनं वासरू हुंगावं तसं मी तिचं डोकं सुंघलं, सवयीनं. वैशालीनं ते पाहिलं आणि सामान मोजायला लागली.

बाबांना फोनवर सांगितलं नव्हतं. चुलीपुढं बसून सांगितलं. ते कितीतरी वेळ निखारे सारत राहिले. मग म्हणाले, "आन तिथं कोण सुंघून देत होतं?" मी ओदेतचं सांगितलं. धुरीखाना, पावाचा तुकडा, सारिएत. "बाई हुशार होती," बाबा म्हणाले, आणि चुलीत एक गोवरी सरकवली.

मारुतीच्या भंडाऱ्याला गंज चढला. बाबांच्यानं आता उभं राहवत नाही, म्हणून त्यांची खुर्ची चुलीजवळ ठेवली. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजत होते, वांग्याची भाजी रटरटत होती, देवळाबाहेर पोरं ताटं घेऊन बसली होती. मी झाकण सरकवलं, तळहातावर वाफ घेतली आणि पळत जाऊन हात बाबांच्या नाकाशी धरला.

त्यांनी मान फिरवली.

"बाबा, सांगा ना. लोक बसले."

"आज सांगीन. उद्या? मी किती दिवसाचा? ती बुढी किती दिवस पुरली तुले?"

"मंग काय करू?"

"चमचा हाये ना."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "नैवेद्य व्हायचा आहे अजून."

बाबांनी खुर्चीचे हात धरले, जोर लावला आणि खुर्ची खरडत फिरवली. तोंड मारुतीकडं, पाठ माझ्याकडं. "चाख," ते म्हणाले. "देवाले मी सांगतो."

मी चमचा बुडवला, फुंकला आणि जिभेवर घेतला.

"कसं हाये?" त्यांनी न वळता विचारलं.

"मीठ बरोबर आहे बाबा. तिखट बरोबर आहे. वांगं शिजलं आहे."

"मंग वाढ."

मी वाढलं. बाकी त्या भाजीत काय होतं, ते त्या दिवशी पंगतीला बसलेल्या कोणालाही विचारा.